बेडकाऐवजी बाहुली

जिवंत बेडकाच्या पाठीत गळ घालताना तुम्ही कधी पाहिलं आहे का?

पाहिलं नसेल तर मरळीचा रस्सा भुरकताना एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती, एवढंच म्हणतो. मरळ म्हणजे आमच्या तलावांची पाटलीण. काटे कमी, चव भारी, आणि तोरा असा की कणकेच्या गोळीकडे ढुंकून बघणार नाही. तिला हलतं, तडफडतं काहीतरी हवं असतं. म्हणून आमच्या भागात मरळ धरणारा माणूस आधी बेडूक धरतो. पाठीच्या कातड्यातून गळ असा बेताने ओवतो की बेडूक मरत नाही. मेला तर उपयोग काय? त्याने दुखऱ्या पाठीने पोहत राहिलं पाहिजे, मरळ येईपर्यंत. एक दमला की डब्यातून दुसरा.

मी ते थांबवणाऱ्या वस्तू बनवतो. हाच माझा धंदा. दिवाळी अंकात धंद्याच्या आठवणी केस पिकलेल्यांनी लिहायच्या असतात आणि माझे अजून काळे आहेत. पण हात पुरेसे टोचून घेतले आहेत, तेव्हा लिहितो.

वस्तू अशी. एक गळ. त्याच्या मानेशी शिशाचा मणी, म्हणजे तो डोकं खाली करून बुडतो. मण्यामागे बकरीचे केस किंवा कोंबड्याची पिसं, दोऱ्याने बांधलेली. काठी जराशी उचलली की ती पाण्यात उडी मारते, सोडली की डोक्यावर पडते. केस मिटतात, फुलतात. मरळीला वाटतं, एखादं खुळं जनावर घाबरून पळतंय. शहरातले शौकीन हिला जिग म्हणतात. आमच्याकडे तिला नावच नव्हतं. शेजारच्या शांताकाकूने पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती म्हणाली, "अगंबाई, बाहुली." तेच नाव चिकटलं.

भोकरदनच्या आठवडी बाजारात मी पोतं अंथरून बसतो. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका मास्तरांनी काळ्या केसांची बाहुली मागितली. कुठल्या तलावावर जाता, असं विचारलं तर म्हणाले, तलावावर नाही, नव्या स्कूटरला लटकवायची आहे, नजर लागू नये म्हणून. मी नकार दिला. अंधश्रद्धेवर तिथल्या तिथे भाषणही दिलं, दोन माणसं जमली. पुढच्या बाजारी मास्तरांच्या स्कूटरवर बाहुली डुलत होती. आईने माझ्या पाठीमागे विकली होती. मी तिला जाब विचारला, तर ती म्हणाली, "मास्तर गळाला लागला, असं समज की."

ही वस्तू मी बनवायला लागलो त्याचं कारण एक पत्रक आहे.

आमचे बाबा शिवणकाम करायचे आणि सभांना जायचे. सभेहून येताना पिशवीत पत्रकं असायची. घरात दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावरच अक्षरं शिकलो. ससा आणि कासव मला फार उशिरा भेटले. त्याआधी 'जाहीर निषेध' आणि 'एकजुटीने उठा' हे शब्द पाठ होते. आई सांगते, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात जात नसल्या की मी त्यांना 'बंधू-भगिनींनो' म्हणून हाका मारायचो.

असा मुलगा नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॉलेज अर्धवट सोडून धावड्याजवळच्या आमच्या गावात परत आला. तलावाच्या काठावर बेडकाची ती तडफड त्याने पाहिली. मग त्याने काय करावं? पत्रक काढलं. 'मुक्या बेडकांवरील अत्याचार थांबवा.' भोकरदनला जाऊन प्रती काढल्या आणि पहिली प्रत नेऊन राघूमामांच्या हातात दिली.

राघूमामा पिढीजात मासे धरणारे. आमच्या तलावावर मरळीसाठी काठी टाकणारे ते एकटेच. साठीचे, बारीक, कमरेला टॉवेल. मामा हे गावाच्या नात्याने. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, कागद घेतला आणि मला परत दिला. वाचता येत नाही, तूच वाच, असं म्हणाले. मी उभा राहून सगळं वाचलं. प्रत्येक वाक्याला ते "हां" म्हणत होते.

"लिव्हलंय बराबर," ते म्हणाले. "पण मरळीला वाचता येत न्हाई. बेडूक न्हाई तर तिला काय देऊ, ते सांग."

पत्रकात शेवटी 'थांबवा' असतं. थांबवून पुढे काय करा, ते लिहायला जागा उरत नाही.

मामांनी आणखी एक टोला दिला. बेडकाची कीव येते तर मरळीची का येत नाही, असं विचारलं. मी म्हटलं, मरळ तुम्ही खाता, विकता, तुमचं पोट आहे. बेडूक कुणी खात नाही. त्याचा जीव निव्वळ सोयीसाठी जातो. हे त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. पण त्यांनी अट घातली. बेडकासारखं काम करील असं काहीतरी मी आणावं. ते एक पूर्ण दिवस बेडकाचा डबा घरी ठेवून फक्त त्याच्यावर मासे धरतील. एक मरळ आली तर यापुढे बेडकाला हात लावणार नाहीत. नाही आली तर मी पुन्हा कागद घेऊन तलावावर यायचं नाही.

समोरच्याने माझं म्हणणं इतकं मनावर घ्यावं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मी हो म्हणून बसलो.

जिग ही वस्तू मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, सलीमभाईंकडे. सलीमभाई लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि लग्नसराई संपली की मासे धरायचे. त्यांनी ती हैदराबादहून आणली होती आणि अत्तराच्या रिकाम्या डबीत ठेवली होती. मी बघायला गेलो तर म्हणाले, "देखने का है तो देखो, मिलिंदभाई, हात नको लगाव." मी दोन्ही हात पाठीमागे बांधून तासभर पाहिली.

मग सामान. मणी राघूमामांनीच दिले. हाताने फेकायच्या जाळ्याच्या कडेला शिशाचे मणी असतात, तसे फाटक्या जाळ्यातले काढून दिले. इथे एक खंत सांगून टाकतो. बाहुली शेवाळात अडकते, दोरा तुटतो आणि शिसं तलावाच्या तळाशी राहतं. पाण्यात शिसं सोडू नये, हे समजायला मला दोन-तीन वर्षं लागली. आता मी लोखंडी नट वापरतो. बाहुली तेवढी झोकात बुडत नाही, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

गळ धरायला पक्कड. तिच्या मुठींना सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली की तिचा जबडा आपोआप मिटून राहतो. ती मांडीखाली दाबून मी बांधायला बसलो. केस आमच्याच बकरीचे. दोरा आईचा.

नवशिका बाहुली बांधताना ज्या चुका करतो त्या सगळ्या मी पहिल्या दिवशीच उरकल्या. पहिली चूक म्हणजे भरताड. केस जास्त म्हणजे बाहुली जास्त चांगली असं वाटतं. प्रत्यक्षात ती बुडतच नाही, पाण्यावर फुगून तरंगत राहते. दुसरी म्हणजे दोरा गुंडाळता गुंडाळता गळाचं नाकच झाकून जातं, मग ओवायचं कुठून? तिसरी, मणी तिरपा बसतो आणि बाहुली पाण्यात भोवऱ्यासारखी गरगरते. माझ्या पहिल्या बाहुलीत तिन्ही गुण होते. आईने ती चिमटीत धरून विचारलं, "उंदीर कुठं घावला?"

आई आणि शांताकाकू त्या दिवसांत बियाण्याच्या प्लॉटवर जायच्या. जालन्याकडे कपाशीचं संकरित बियाणं तयार करतात, ते काम बायांच्या बोटांवर चालतं. उद्या उमलणाऱ्या कळीतले नर केसर आदल्या दुपारी नखाने काढायचे. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचे पराग तिच्यावर फिरवायचे. मग देठाला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे वेचताना हे बोंड संकराचं हे ओळखू येतं. एकेक बाई सकाळभरात असे किती दोरे बांधत असेल याची मोजदाद नाही. उरलेले तुकडे पदराच्या गाठीत घरी यायचे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दोघी घरी आल्या, बोटं परागाने पिवळी. माझी झटापट त्यांनी थोडा वेळ पाहिली. शांताकाकूने पक्कड ओढून घेतली. माझ्या अर्ध्या दिवसाचं काम तिने बोलता बोलता केलं. सुबक, सारखं, एक केस इकडेतिकडे नाही. मी कौतुक करायला लागलो तर म्हणाली, "बेडकाची लई कीव येती तुला. तुझी माय सकाळधरनं वाकून आली, तिची येती का?"

आई हसत होती, म्हणून मला जास्त लागलं. घरातलं पाणी त्या दिवसापासून मी भरतो. बाहुलीच्या पैशातला बांधणारीचा वाटा आधी निघतो, तोही नियम त्याच दुपारचा.

दोघींनी मिळून ओंजळभर बाहुल्या बांधल्या. मी त्या बाबांच्या काजाबटणांच्या डबीत घालून तलावावर गेलो. मामांनी शब्दाप्रमाणे बेडकांचा डबा घरी ठेवला होता. बेशरमाच्या झुडपांपाशी त्यांनी काठी टाकली, दोन-तीनदा बाहुली नाचवली, वर काढली. वर आला तो नुसता गळ. केस नाहीत, दोरा नाही. दुसरी लावली, तीही तशीच. तिसरी, चौथी. पाण्यावर बकरीचे केस पसरले होते.

"मिलिंदा," मामा म्हणाले, "तुझ्या बाहुल्या आंघोळीला गेल्त्या, कपडे तिथंच सोडून आल्या बघ."

हा दिवस आपण तालीम धरू, असं म्हणून त्यांनी मला आणखी एक संधी दिली. मी तणतणत घरी आलो. उरलेली एक बाहुली आईपुढे धरली. गाठ बघितली तर चित्रात काढावी अशी. पण नख घातलं की दोरा सरकत होता. सगळ्याच गाठी ढिल्या. मी विचारलं, इतका चांगला हात आणि गाठ अशी का?

आईला माझा प्रश्नच कळेना. "मंग? घट्ट आवळलं तर बोंड फुगंल कसं?"

वर्षानुवर्षं त्या फुलाच्या देठाला दोरा बांधत होत्या. देठ जाड होणार, बोंड भरणार, म्हणून दोऱ्यात जागा सोडायची हे बोटांत मुरलं होतं. गळावरही त्यांनी तशीच जागा सोडली होती, जणू उद्या त्या बाहुलीला बोंड धरणार आहे. मी हसायला लागलो, मग शांताकाकू, मग आई. बाबांनी मशीन थांबवून काय झालं विचारलं आणि तेही हसले.

सवय मोडणं मात्र सोपं नव्हतं. घट्ट बांधा म्हटलं की दोन बाहुल्या घट्ट व्हायच्या आणि तिसरीपासून बोटं पुन्हा मायाळू व्हायची. शेवटी शांताकाकूनेच तोड काढली. "हे फूल हाय असं समजूच नको," ती आईला म्हणाली, "पोत्याचं तोंड हाय समज." त्यानंतर अशा आवळल्या की मला पक्कड लावूनही सुटेनात. वरून मेण, मेणावर नखपॉलिश. नखपॉलिश आणायला मी बांगड्यांच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदारीण बाईंनी माझ्या लग्नाची चौकशी केली.

रंगाची भर सलीमभाईंची. बँडच्या टोप्यांचे जुने तुरे ते पिशवीभर घेऊन आले, गुलाबी, पिवळे, जरीचे धागे मिसळलेले. काळ्या बकरीवर त्यांचा विश्वास नव्हता. "मछली भी बाराती है," म्हणाले, "चमक देख के आती." मला हे पटलं नाही. पण गुलाबी तुऱ्याचा केस ओला झाला की असा काही हलायचा की बकरीचा फिका पडावा. आजही माझी सगळ्यात जास्त खपणारी बाहुली गुलाबी आहे, आणि सलीमभाई तिला वरात म्हणतात.

ठरलेल्या दिवशी सकाळीच आम्ही तलावावर. मामा, मी आणि बारात बघायला आल्यासारखे सलीमभाई. मामा शेवाळाच्या कडेकडेने सरकत होते. मरळ श्वास घ्यायला वर येते तेव्हा पाण्यावर एक गोल उमटतो. गोल दिसला की त्याच्या जरा पुढे बाहुली. उडी, डोक्यावर, उडी. ऊन डोक्यावर आलं तरी काही नाही. गाठी मात्र घट्ट होत्या, एक केस सुटला नाही.

मग तलावाच्या वरच्या अंगाला, बेशरमाच्या सावलीत, काठी एकदम वाकली. मामांनी दोर हाताला गुंडाळत ओढला आणि हातभर लांब मरळ काठावरच्या उथळ पाण्यात आणली. गुलाबी तुरा तिच्या ओठातून बाहेर दिसत होता. सलीमभाईंनी माझ्या पाठीत थाप मारली. मी बोलायला तोंड उघडलं आणि मामांनी हात वर केला.

ते मरळीकडे बघतच नव्हते. जिथून ती आली तिथलं पाणी उकळी फुटल्यासारखं हलत होतं. तांबूस पिल्लांचा पुंजका वर येत होता, खाली जात होता, फुटत होता, पुन्हा जमत होता.

"पिल्लांवरची हाय," मामा म्हणाले. "हिला बेडूक नको का बाहुली नको. बोट दावलं तरी येती अंगावर. मोजायची का, तूच सांग."

मरळ पिल्लांची राखण करते. ती नसली की दुसरे मासे त्या पुंजक्याचा घटकाभरात फडशा पाडतात. हे मला माहीत होतं. मोजून घरी नेली असती तर मी जिंकलो असतो, आणि मामांच्या हातून पुढे जाणारे सगळे बेडूक वाचले असते. एका बाजूला तेवढे बेडूक, दुसऱ्या बाजूला तेवढी पिल्लं. आजवर वाचलेल्या एकाही पत्रकात अशा वेळेची घोषणा नव्हती. मामा घाई करत नव्हते. ओल्या हाताने तिला पाण्यातच धरून होते.

"न्हाई मोजायची," मी म्हणालो. "सोडा."

मामांनी गळ काढला आणि हात उघडला. ती सरळ पुंजक्याकडे गेली. सलीमभाई हळूच म्हणाले, "गया तुम्हारा सबूत." दिवस कलेपर्यंत दुसरी मरळ आली नाही. काठी गुंडाळताना मी विचारलं, मी हरलो का? मामा म्हणाले, अट ती अट. मला ते मान्य होतं. पुढचे काही दिवस मी तलावाकडे गेलो नाही, गुरांच्या वाटेने फिरून जायचो. घरी पत्रकाच्या उरलेल्या प्रती होत्या, त्यांच्यावर बाबा कापडाची मापं लिहायला लागले.

आणि एका सकाळी राघूमामा दारात उभे. जयभीम झाला, चहा झाला. बाबांशी पावसाचं बोलणं झालं. उठता उठता ते मला म्हणाले, "चार दे. ती गुलाबी दे."

मी म्हणालो, "मामा, हिशेबाची मरळ तर आली न्हाई."

"न्हाई आली."

"मंग?"

"गुडघे," मामा म्हणाले.

बेडूक धरायचे तर रोज संध्याकाळी चिखलात उकिडवं बसावं लागतं. बेडूक उडी मारतो, आपण मागून उडी मारायची. माशाला तास, बेडकाला तीन तास. बाहुलीवर घालवलेल्या त्या दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं होतं की आदल्या संध्याकाळी गुडघे दुखले नव्हते. मरळ नाही आली तर उद्या येईल, बाहुली कुठे पळून चालली आहे? "बेडकासाठी न्हाई आलो मी," त्यांनी मला बजावलं, "उगं कागदात लिव्हशील."

मी काहीतरी मोठं बोलणार होतो. बाबा मशीनवरून खाकरले. मी डबीतून चार गुलाबी काढून दिल्या.

त्या पावसाळ्यापासून आमच्या तलावावर एकाही बेडकाच्या पाठीत गळ गेलेला नाही. सुरुवातीला मामांना मरळ कमी मिळाली, मग त्यांना बाहुलीची चाल सापडली. आता ते माझ्यापेक्षा छान नाचवतात. आसपासच्या गावांतही काहींनी बेडूक सोडले. एकाच्या बायकोने डबा घरात आणायला बंदी केली होती. एकाला नुसता गुलाबी तुरा आवडला. एकाचा मेहुणा बाहुली वापरतो, मग आपण मागे का राहायचं, एवढंच कारण. माझं म्हणणं पटलं म्हणून सोडले, असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. बेडकांना त्याने काही फरक पडत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. एक गळ घ्या, एक लोखंडी नट, चिमूटभर केस आणि हातभर दोरा. बाहुली बांधा. पहिली वाईट होईल, ती ठेवून द्या आणि दुसरी बांधा. तुमच्या गावच्या पाण्यावर डब्यात बेडूक घेऊन बसलेला कुणी असेल, त्याच्याजवळ जा. रामराम करा, जयभीम करा, सलाम करा, जे तुमच्यात चालतं ते करा. ती त्याच्या हातात द्या आणि बाजूला बसा. तो कशासाठी घेतो, ते विचारू नका.